स्विचवरच्या वेशीला नाव द्या: राउटिंग इंटरफेस, एक बंद पडलेला काटा आणि पंचेचाळीस मिनिटं

(या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना झालेले 'म्हणजे', 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. कमांड्स मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, स्विचवर टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

००:०० सुरुवात

इअरफोन लावलाय ना? बसमध्ये असाल तर बरंच, कारण आजचा भाग जरा निवांत ऐकायचा आहे.

मागच्या काही दिवसांत बऱ्याच जणांचे मेसेज आले, 'दादा, व्हीलॅन समजलं, पण दोन व्हीलॅन एकमेकांशी बोलतात कसे ते समजंना.' आज तेच. मॅनेज्ड स्विचवर राउटिंग इंटरफेस म्हणजे काय, तो कसा बनवायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला नाव कसं द्यायचं.

नाव सगळ्यात महत्त्वाचं का म्हणतोय? कारण ते न दिल्यामुळे मी एकदा एक अख्खा वजनकाटा बंद पाडला होता.

०१:१० त्या रात्री काय झालं

जालन्याच्या एमआयडीसीत सळईचे कारखाने किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. भंगार येतं, भट्टीत वितळतं, बिलेट होतं, रोलिंग होऊन सळई बाहेर पडते. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक ट्रक काट्यावर चढतो. काटा थांबला की कारखाना चालू असला तरी माल हलत नाही.

अशाच एका कारखान्यात मी नेटवर्कच्या कामाला होतो. नवीनच. काम सोपं होतं, जुन्या कॅमेऱ्यांचा व्हीलॅन काढून टाकायचा. सर्व्हर रूममध्ये एक वही होती, तिच्यात लिहिलेलं, '२०: कॅमेरे, जुने'. स्विचवर बघितलं तर व्हीलॅन २० ला नावच नव्हतं, स्विचनं स्वतःहून दिलेलं 'व्हीलॅन००२०' तेवढं होतं. इंटरफेसवर डिस्क्रिप्शन नाही. म्हटलं, वहीत आहे ना, झालं तर मग. रात्री साडेनऊला 'इंटरफेस व्हीलॅन २०', मग 'शटडाऊन'. स्क्रीनवर सगळे नवे कॅमेरे चालू दिसत होते. मी खूश. चहा प्यायला गेलो.

दहा मिनिटांनी काट्यावरच्या मामांचा फोन. 'साहेब, वजन दिसायलंय, पण पावती निघंना.'

आता माझी गंमत बघा. माझ्या डोक्यात काटा आणि कॅमेरे यांचा संबंधच नव्हता. मी पळत काट्यावर गेलो. पॅचकॉर्ड बदलली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तिथल्या प्रिंटरला पिंग केलं, चालू. ऑफिसमधल्या सर्व्हरला पिंग केलं, बंद. तरी लक्षात येईना. बाहेर सात ट्रक उभे. एक ड्रायव्हर खिडकीतून विचारतो, 'भैया, और कितना टाइम?' त्याला काय सांगणार?

शेवटी सरांना फोन लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'अरे, प्रिंटर लागतो आणि सर्व्हर लागत नाही, म्हणजे काय? वेस बंद आहे. शेवटी हात कशाला लावला होतास?'

मी सांगितलं. दोन सेकंद शांतता. मग 'नो शटडाऊन कर.' केलं. पावती निघाली. एकूण पंचेचाळीस मिनिटं.

पूर्वी व्हीलॅन २० मध्ये कॅमेरे होते, हे खरं. ते दुसरीकडे हलवले, आणि रिकाम्या झालेल्या २० मध्ये कुणीतरी काटा टाकला. वही तशीच राहिली. स्विचला विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं, मी वहीला विचारलं.

०४:३० वेस म्हणजे काय

सरांचा तो 'वेस' शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला. आपल्या जालन्यात मूर्तीवेस आहेच. वेशीतून आत-बाहेर जायचं. नेटवर्कमध्ये यालाच गेटवे म्हणतात.

आता कुंडलिका नदी डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवा जालना. जुन्या जालन्यात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला पूल लागत नाही. पण नव्या जालन्यात जायचं तर पुलावरूनच. व्हीलॅन म्हणजे स्विचच्या आत काढलेली अशी नदी. स्विच एकच आहे, डबा एकच आहे, पण व्हीलॅन १० मधल्या कॉम्प्युटरची फ्रेम व्हीलॅन २० मध्ये जात नाही. आयईईई ८०२.१क्यू नावाचं जे मानक आहे, त्यात प्रत्येक फ्रेमवर व्हीलॅनचा नंबर चिकटवतात. नंबरासाठी १२ बिट असतात, म्हणून वापरता येणारे नंबर १ ते ४०९४.

साधा स्विच, म्हणजे लेअर २ वाला, फक्त गल्ल्या सांभाळतो. पूल बांधणं त्याचं काम नाही. त्यासाठी वेगळा राउटर लागतो. लेअर ३ स्विच मात्र पूल आतच बांधतो, आणि हार्डवेअरमध्ये बांधतो, म्हणून वेगात. त्या पुलाचं जे टोक प्रत्येक व्हीलॅनमध्ये टेकतं, तो राउटिंग इंटरफेस.

म्हणूनच त्या रात्री प्रिंटर लागत होता. तो काट्याच्याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच बाजूला होता. सर्व्हर ऑफिसच्या व्हीलॅनमध्ये, नदीपलीकडे. हे लक्षात ठेवा: शेजारचा लागतो आणि पलीकडचा लागत नाही, तर केबल बघत बसू नका, आधी गेटवे बघा.

०७:०० तीन प्रकार

राउटिंग इंटरफेस मुख्यतः तीन प्रकारचे.

पहिला, व्हीलॅन इंटरफेस. सिस्कोवाले याला एसव्हीआय म्हणतात, जुनिपरवर तो आयआरबी असतो. याला खरं भोक नाही, डब्यावर बोट ठेवून दाखवता येत नाही. तो स्विचच्या आत तयार होतो. आपलं नव्वद टक्के काम याच्याशीच.

दुसरा, राउटेड पोर्ट. खरं भौतिक पोर्ट घ्यायचं, त्याला 'नो स्विचपोर्ट' सांगायचं, की ते स्विचचं पोर्ट राहत नाही, राउटरच्या पोर्टासारखं वागतं. त्यावर थेट आयपी बसतो. स्विचपासून इंटरनेटच्या राउटरकडे किंवा दुसऱ्या बिल्डिंगच्या लेअर ३ स्विचकडे जाणाऱ्या लिंकला हा बरा.

तिसरा, लूपबॅक. याला ना पोर्ट, ना व्हीलॅन. केबलच नाही, म्हणून केबल तुटून तो बंद पडत नाही. स्विचची कायमची ओळख म्हणून वापरतात.

व्हीलॅन इंटरफेसची एक खोड सांगतो. त्या व्हीलॅनमधलं एक तरी पोर्ट चालू असल्याशिवाय तो सहसा वर येत नाही. नवीन पोरं घरी सराव करताना इथंच अडकतात. सगळी कमांड बरोबर, तरी इंटरफेस डाऊन. कारण त्या व्हीलॅनमध्ये एकही कॉम्प्युटर जोडलेला नसतो.

०९:१५ स्विच स्वतः जी नावं देतो

भौतिक पोर्टाचं नाव आपण ठेवत नाही, ते ठरलेलं असतं. सिस्कोच्या स्टॅक होणाऱ्या स्विचवर 'गिगाबिटइथरनेट १/०/५' दिसतं. पहिला आकडा म्हणजे स्टॅकमधला कितवा स्विच, मधला म्हणजे मॉड्यूल, शेवटचा पोर्ट. म्हणजे पहिल्या स्विचचं पाचवं पोर्ट. जुनिपरवर 'जीई-०/०/०' असं असतं आणि मोजणी शून्यापासून होते. तिथं पहिलं पोर्टच शून्य. सिस्कोवरून जुनिपरवर गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी शेजारच्या पोर्टात केबल घालतो.

हा झाला पत्ता. पण पत्त्यावरून घरात कोण राहतं ते कळत नाही. त्यासाठी दोन जागा आपल्या हातात असतात: व्हीलॅनला 'नेम' आणि इंटरफेसला 'डिस्क्रिप्शन'.

१०:४० नाव कसं ठेवायचं

मी आता पाळतो ते नियम सांगतो.

एक. नाव कामावरून ठेवा, माणसावरून नाही. 'मोठे साहेब' असं डिस्क्रिप्शन मी पाहिलंय. ते साहेब नोकरी सोडून गेले, पोर्ट तिथंच.

दोन. जागेसाठी छोटा, ठरलेला कोड घ्या. रेल्वेकडून शिका. जालना स्टेशनचा कोड नुसता 'जे', परभणीचा 'पीबीएन'. छोटा, एकमेव, आणि गुवाहाटीतल्या बुकिंग क्लार्कलाही तोच. तुमच्या कारखान्यात गेट, काटा, भट्टी, गोदाम, ऑफिस यांचे दोन-तीन अक्षरी कोड एकदाच ठरवा आणि भिंतीवर चिकटवा.

तीन. आकडे जुळवा. व्हीलॅन २० असेल तर त्याचं नेटवर्क १९२.१६८.२०.० ठेवा आणि गेटवे १९२.१६८.२०.१. मग फोनवर कुणी नुसता आयपी सांगितला तरी व्हीलॅन कळतो. हे २५५ पर्यंतच्या व्हीलॅन नंबरांना चालतं. तेवढे बहुतेक जागी पुरतात.

चार. केबल कुठे जाते ते लिहा. अपलिंकच्या डिस्क्रिप्शनमध्ये पलीकडच्या स्विचचं नाव आणि पलीकडचं पोर्ट, दोन्ही. रात्री टॉर्च तोंडात धरून केबल ओढत बसावं लागत नाही.

पाच. नाव इंग्रजी अक्षरांत आणि स्पेसशिवाय ठेवा, मध्ये आडवी रेघ चालते. सिस्कोवर व्हीलॅनचं नाव ३२ अक्षरांपर्यंत बसतं, पण बारा-पंधरात उरका.

सहा, आणि हा सगळ्यात मोठा. काम बदललं की नाव त्याच मिनिटाला बदला. स्विच डिस्क्रिप्शन वाचत नाही. तुम्ही काट्याला 'कॅन्टीन' म्हणा, त्याला फरक पडत नाही, तो पॅकेट नेतच राहील. फरक पडतो पुढच्या माणसाला. नाव नसेल तर माणूस निदान शोधतो. खोटं नाव असेल तर तो शोधतही नाही, विश्वास ठेवतो. माझं तेच झालं.

१३:२० आता प्रत्यक्ष बांधूया

सिस्कोच्या भाषेत सांगतो, बाकी कंपन्यांत शब्द थोडे बदलतात, क्रम तोच.

पायरी एक, व्हीलॅन तयार करा. 'व्हीलॅन २०', पुढच्या ओळीत 'नेम वजनकाटा'.

पायरी दोन, काट्याच्या कॉम्प्युटरचं पोर्ट त्यात टाका. पोर्टावर जा, 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस', मग 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०'.

पायरी तीन, काटा दुसऱ्या स्विचवर असेल तर मधल्या ट्रंकवरून २० जाऊ द्या. इथं एक खड्डा आहे, नीट ऐका. ट्रंकवर आधीच व्हीलॅनची यादी दिलेली असेल तर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड २०' म्हणायचं. तो 'ॲड' विसरलात तर यादीत २० वाढत नाही, जुनी यादी पुसून फक्त २० उरतो. बाकी सगळे व्हीलॅन त्या लिंकवर बंद.

पायरी चार, वेस बांधा. 'इंटरफेस व्हीलॅन २०'. 'डिस्क्रिप्शन काटा-गेटवे'. 'आयपी ॲड्रेस १९२.१६८.२०.१ २५५.२५५.२५५.०'. 'नो शटडाऊन'.

पायरी पाच, स्विचला राउटिंग करायला सांगा. ग्लोबल मोडमध्ये 'आयपी राउटिंग'. बऱ्याच मॉडेल्सवर हे सुरुवातीला बंद असतं. ते बंद असताना व्हीलॅन इंटरफेसवर आयपी बसतो, पिंगही होतो, पण एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात काही जात नाही. पुलाची दोन्ही टोकं उभी, मधला स्लॅबच टाकलेला नाही.

पायरी सहा, कॉम्प्युटरला गेटवे म्हणून १९२.१६८.२०.१ द्या.

पायरी सात, इंटरनेट लागत असेल तर स्विचवर 'आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.०' आणि पुढं राउटरचा पत्ता. पण परतीचा रस्ताही पाहिजे! राउटरला '१९२.१६८.२०.० कुठे आहे' हे कुणी सांगितलेलं नसेल तर उत्तर परत येणार नाही. जाणारी बस आहे, येणारी नाही, तशी गत.

पायरी आठ, सेव्ह करा. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. नाहीतर लाईट गेली, आणि आपल्याकडे ती जातेच, की स्विच उठतो तेव्हा त्याला तुमचं काहीच आठवत नाही.

शेवटी तपासा. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ'. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन' दिसलं तर कुणीतरी माणसानं शटडाऊन केलंय. नुसतं 'डाऊन' असेल तर व्हीलॅन अस्तित्वात आहे का आणि त्यात चालू पोर्ट आहे का ते बघा. त्या रात्री मी ही एक कमांड मारली असती तर काम दोन मिनिटांत संपलं असतं.

१७:०० पूल बांधला, पण चौकी?

हे बऱ्याच व्हिडिओत सांगत नाहीत. 'आयपी राउटिंग' चालू केलं की सगळे व्हीलॅन सगळ्यांना मोकळे होतात. पाहुण्यांच्या वायफायवर बसलेला माणूस काट्याच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू शकतो. काट्याच्या आकड्यावर पैसे मोजले जातात मंडळी! म्हणून पुलावर चौकी बसवायची, तिला ॲक्सेस लिस्ट म्हणतात. काट्याला फक्त बिलिंगचा सर्व्हर दिसू दे. पाहुण्यांना फक्त इंटरनेट. ही यादी त्या व्हीलॅनच्या राउटिंग इंटरफेसवरच लावतात, आणि तेव्हा परत तोच मुद्दा येतो: नावं बरोबर नसतील तर चौकी भलत्याच पुलावर बसते.

१८:३० हात लावण्याआधी

कुठलाही इंटरफेस बंद करण्याआधी मी आता तीन गोष्टी बघतो. 'शो व्हीलॅन ब्रीफ', म्हणजे या व्हीलॅनमध्ये कुठली पोर्टं आहेत. 'शो मॅक ॲड्रेस-टेबल व्हीलॅन २०', म्हणजे आत्ता कोण कोण बोलतंय. 'शो आयपी एआरपी', म्हणजे कुठल्या आयपीमागं कुठलं मशीन. तीन मिनिटं लागतात. जुन्या, रिकाम्या म्हणवल्या जाणाऱ्या व्हीलॅनमध्ये मॅक दिसले की हात मागे.

आणि लांबून काम करताय? मग ज्या इंटरफेसवरून तुम्ही आत आलात, त्याचाच आयपी बदलू नका. ज्या फांदीवर बसलोय तीच कापायची नाही. बदलावाच लागला तर आधी 'रीलोड इन १०' द्या. चुकलात आणि बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतो. सगळं ठीक झालं तर 'रीलोड कॅन्सल', मगच सेव्ह. जुनिपरवर याहून छान सोय आहे, 'कमिट कन्फर्म्ड'. दहा मिनिटांत तुम्ही पक्कं केलं नाही तर बदल आपोआप मागं जातो, रीस्टार्टही नाही.

असं फक्त आपल्यासारख्या नवख्यांचंच होतं असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं एकदम बंद पडलं होतं, आठवतंय? सुमारे सहा तास. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडनं त्यांच्या डेटा सेंटर्सना जोडणारं अंतर्गत नेटवर्कच तुटलं. चुकीची कमांड अडवायला टूल होतं, त्यातच बग निघाला. इंजिनिअर लांबून आत जाऊ शकेनात, माणसं डेटा सेंटरवर पाठवावी लागली.

२१:०० तुमचे प्रश्न

'स्विच नाही, सराव कुठं करू?' सिस्कोचं पॅकेट ट्रेसर नेटवर्किंग अकॅडमीत खातं काढलं की फुकट मिळतं. त्यात लेअर ३ स्विच आहे. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये बसवून घ्या. दोन व्हीलॅन, चार कॉम्प्युटर, दोन राउटिंग इंटरफेस. मग मुद्दाम एकेक गोष्ट मोडा: 'आयपी राउटिंग' काढा, 'ॲड' विसरा, गेटवे चुकवा. प्रत्येक वेळी काय लागतं आणि काय लागत नाही ते लिहा.

'जुन्या नेटवर्कला नावंच नाहीत, सुरुवात कुठून?' आधी कॉन्फिगचा बॅकअप. मग अपलिंकना डिस्क्रिप्शन द्या, मग व्हीलॅनना नाव. यात काही बंद पडत नाही, चालू नेटवर्कवर दिवसा करता येतं. रोज पाच पोर्टं केली तरी महिन्याभरात चित्र स्पष्ट होतं.

'तुमची नोकरी गेली का हो?' हा प्रश्न येणार हे माहीत होतं! नाही गेली. दुसऱ्या दिवशी सरांनी मला ओरडण्याऐवजी सर्व्हर रूममध्ये नेलं, ती वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'आता प्रत्येक पोर्टासमोर जाऊन बघ, आणि जे दिसेल तेच स्विचवर लिही.' चार दिवस लागले. सात पोर्टं अशी निघाली की वहीत एक आणि प्रत्यक्षात दुसरंच. काट्यावरच्या मामांनाही जाऊन सांगितलं, चूक माझी होती. ते म्हणाले, 'मला वाटलं माझाच कॉम्प्युटर गेला.' तोवर त्यांना वरून दोनदा बोलणी बसली होती. ते मला जास्त लागलं.

तर मंडळी, आज घरी किंवा कामावर कुठला स्विच तुमच्या हाताखाली असेल तर एवढंच करा. एक व्हीलॅन निवडा, त्यात खरं कोण आहे ते बघा, आणि त्याला त्याचं खरं नाव द्या. पुढच्या भागात ॲक्सेस लिस्ट, म्हणजे आजची ती चौकी, ओळ न् ओळ लिहून बघू. तोवर सेव्ह करायला विसरू नका. भेटू!